ओक्लाहोमाचे राज्यपद आणि नाकारलेले सिकोया: १९०७ चा निर्णय न्याय्य होता का?

(ही अनेकांनी मिळून केलेली चर्चा आहे; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव दिले आहे.)

जुनी वाट (चर्चाप्रस्ताव)

अमेरिकेतील बहुतेक राज्यांचा इतिहास एकाच क्रमाने सांगितला जातो: आधी शोधप्रवासी, मग व्यापारी, मग लष्करी ठाणी, मग शेतकरी, आणि वस्ती पुरेशी झाली की संघराज्यात प्रवेश. ओक्लाहोमाचा इतिहासही वरवर पाहता या क्रमात बसतो. १५४१ मध्ये सोन्याच्या नगरीच्या शोधात निघालेला स्पॅनिश सरदार कोरोनाडो या भूभागाच्या पश्चिमेकडून कॅन्ससकडे गेला. १६८२ मध्ये ला साल याने मिसिसिपीचे सगळे खोरे फ्रान्सच्या राजाचे म्हणून जाहीर केले, १७१९ मध्ये बेर्नार द ला हार्प आर्कान्सा नदीच्या परिसरातील विचिटा लोकांपर्यंत पोहोचला, आणि १८०३ मध्ये अमेरिकेने दीड कोटी डॉलर देऊन लुइझियाना विकत घेतला, तेव्हा पश्चिमेकडची चिंचोळी पट्टी वगळता हा सारा प्रदेश तिच्याकडे आला. पुढे मेजर स्टीफन लाँग यांच्या १८२० च्या मोहिमेने ही मैदाने शेतीला निरुपयोगी ठरवली.

हा शेरा महत्त्वाचा आहे, कारण गोऱ्या शेतकऱ्यांना नको असलेली जमीन म्हणूनच ती आग्नेयेकडील आदिवासी राष्ट्रांना देऊ करण्यात आली. १८३० च्या स्थलांतर कायद्यानंतर चोक्टॉ, क्रीक, चिकासॉ, चेरोकी आणि सेमिनोल यांना मिसिसिपीच्या पलीकडे हलवण्यात आले. १८३८-३९ च्या चेरोकी स्थलांतरात सुमारे सोळा हजारांपैकी चार हजार माणसे दगावल्याचा अंदाज सामान्यतः मान्य केला जातो. त्या बदल्यात त्यांना जे लिहून दिले गेले, ते शब्द संदिग्ध नव्हते. चोक्टॉंशी १८३० मध्ये झालेल्या डान्सिंग रॅबिट क्रीक करारात या जमिनीचा कोणताही भाग कधीही कोणत्याही राज्यात वा टेरिटरीत (राज्यपद न मिळालेल्या केंद्राधीन प्रदेशात) समाविष्ट होणार नाही असे वचन आहे. चेरोकींशी १८३५ मध्ये झालेल्या न्यू एकोटा करारात तेच वचन ‘त्यांच्या संमतीशिवाय’ या अटीसह आहे.

ऑगस्ट १९०५ मध्ये पाचही राष्ट्रांचे प्रतिनिधी मस्कोगी येथे जमले आणि क्रीकांचे प्रमुख प्लेझंट पोर्टर यांच्या अध्यक्षतेखाली ‘सिकोया’ या नियोजित राज्याची संपूर्ण घटना त्यांनी तयार केली. नोव्हेंबरमध्ये ५६ हजारांहून अधिक मते बाजूने आणि ९ हजारांच्या आसपास विरोधात पडली. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, त्या घटनेवर गंभीर चर्चासुद्धा केली नाही. १९०६ च्या अधिनियमाने इंडियन टेरिटरी (या पाच राष्ट्रांचा पूर्वेकडील प्रदेश) आणि पश्चिमेकडील ओक्लाहोमा टेरिटरी यांचे एकत्रीकरण सक्तीचे केले आणि १६ नोव्हेंबर १९०७ रोजी ओक्लाहोमा हे ४६ वे राज्य झाले.

माझे मत असे आहे की सिकोया नाकारणे हा केवळ पक्षीय हिशेब नव्हता, तो उघड वचनभंग होता. जमातींना राज्य नकोच होते. राज्य होणार हे अटळ दिसल्यावर निदान ते आपले असावे एवढीच त्यांची मागणी होती, आणि तीही फेटाळली गेली. विरोधी मते मांडावीत, परंतु पुराव्याच्या आधारे मांडावीत.

मध्यरेषा

प्रस्तावात एक आकडा आलेला नाही, आणि माझ्या मते सगळा वाद त्याच आकड्याभोवती आहे. १९०० च्या जनगणनेनुसार इंडियन टेरिटरीची लोकसंख्या चार लाखांच्या जवळ होती आणि तिच्यातील तीन चतुर्थांशांहून अधिक माणसे गोरी होती. या तीन लाख लोकांना जमातींच्या सरकारात मत नव्हते, जमीन विकत घेता येत नव्हती, आणि त्यांच्या मुलांसाठी सरकारी शाळा जवळपास नव्हत्याच. अशी अवस्था कोणत्याही लोकशाही देशात फार काळ चालू देता आली नसती.

दुसरा मुद्दा सिकोयाच्या शिल्पकारांचा. अधिवेशनातले एक उपाध्यक्ष चार्ल्स हॅस्केल हे ओहायोत जन्मलेले रेल्वे व्यावसायिक होते आणि १९०१ मध्ये मस्कोगीला आले होते. दुसरे उपाध्यक्ष विल्यम मरी टेक्सासहून आलेले वकील, चिकासॉ घराण्यात विवाह केलेले. दोनच वर्षांनी हॅस्केल ओक्लाहोमाचे पहिले गव्हर्नर झाले, आणि मरी आधी घटनासमितीचे अध्यक्ष व मग प्रतिनिधिगृहाचे पहिले सभापती. सिकोया अस्तित्वात आले असते तर तेथेही हीच मंडळी गादीवर बसली असती. नाव चेरोकी लिपी घडवणाऱ्या सिकोयाचे आणि कारभार बाहेरून आलेल्या वकिलांचा, असे ते राज्य झाले असते. मतदानाचे आकडेही तपासून पाहावेत. तोवर साडेसहा लाखांच्या घरात गेलेल्या वस्तीत एकूण पासष्ट हजार मते पडली, याला सर्वांचा कौल म्हणणे कठीण आहे.

जुनी वाट

त्या काळी स्त्रियांना मत नव्हते, त्यामुळे लोकसंख्येशी मतांचे प्रमाण लावताना जपून लावावे. १९०७ मध्ये ओक्लाहोमाच्या घटनेवर झालेल्या मतदानातही चौदा लाखांच्या वस्तीतून अडीच लाखच मते पडली होती, आणि त्या कौलाला कोणी हरकत घेत नाही.

मूळ मुद्दा मात्र वेगळा आहे. हे तीन लाख लोक तेथे आले कसे? जमातींनी काहींना परवाने देऊन कूळ म्हणून, मजूर म्हणून ठेवले होते हे खरे, परंतु परवान्याविना शिरलेल्यांची संख्या प्रचंड होती, आणि अशा घुसखोरांना बाहेर काढण्याची जबाबदारी करारांनी केंद्र सरकारवर टाकलेली होती. चेरोकी सरकार वर्षानुवर्षे अर्ज करीत राहिले आणि वॉशिंग्टनने काणाडोळा केला. १८७० नंतर रेल्वे आली, कोळशाच्या खाणी निघाल्या, आणि लोंढा थांबवण्याची इच्छाच कोणाला उरली नाही. स्वतःचे कर्तव्य टाळून जी बहुसंख्या तयार होऊ दिली, तिचाच आधार घेऊन करार मोडणे याला मी लोकशाही म्हणू शकत नाही.

आणि मतदान नसलेल्यांच्या शाळांबद्दल बोलताना शाळा असलेल्यांचाही उल्लेख व्हावा. चेरोकींनी १८३९ मध्ये टॅलेक्वा येथे राजधानी करून लिखित घटना स्वीकारली, १८४४ पासून दोन भाषांत वृत्तपत्र चालवले, आणि १८५१ मध्ये मुलींसाठी उच्च शिक्षणाची निवासी संस्था उघडली. ‘रानटी मुलखात सुव्यवस्था आणली’ ही भाषा येथे लागू पडत नाही.

तांबडी माती

मी कामानिमित्त ओक्लाहोमातील टल्सा येथे राहतो. येथे रस्त्यावर अर्ध्या गाड्यांना राज्याच्या नव्हे तर चेरोकी किंवा क्रीक राष्ट्राच्या नंबरपाट्या आहेत की काय असे वाटावे इतक्या त्या दिसतात, आणि टॅलेक्वात गेल्यास रस्त्यांची नावे सिकोयाच्या लिपीतही वाचायला मिळतात. त्यामुळे हा विषय येथे जुना झालेला नाही. तरीही वरील दोन्ही प्रतिसादांत एक समूह पूर्णपणे गायब आहे, म्हणून लिहितो.

ज्या पाच राष्ट्रांना प्रस्तावक केवळ पीडित म्हणून उभे करतात, त्यांच्यातील श्रीमंत घराणी गुलाम बाळगत होती. स्थलांतराच्या वेळी हे गुलामही त्याच वाटेने चालत आले, आणि १८६० च्या सुमारास इंडियन टेरिटरीत सात ते आठ हजार कृष्णवर्णीय गुलाम होते. १८४२ मध्ये चेरोकी मुलखातील काही गुलामांनी बंड करून मेक्सिकोची वाट धरली, तेव्हा त्यांना पकडून आणण्यासाठी चेरोकी सरकारनेच सशस्त्र तुकडी पाठवली. १८६१ मध्ये, अमेरिकी यादवी युद्धात, पाचही राष्ट्रांनी गुलामीसमर्थक दक्षिणेच्या महासंघाशी करार केले. प्रत्येक राष्ट्रात फूट होती आणि अनेक जण उत्तरेच्या बाजूनेही लढले, हे नमूद करायला हवे, पण दक्षिणेचा शरण आलेला शेवटचा सेनानी चेरोकी होता. त्याचे नाव स्टँड वॉटी, आणि तारीख २३ जून १८६५. १८६६ च्या करारांनी गुलामी संपली. तरीही चिकासॉंनी आपल्या मुक्त गुलामांना नागरिकत्व कधीच दिले नाही, आणि चोक्टॉंनी ते देण्यास सतरा-अठरा वर्षे लावली.

आता दुसरी बाजू. १९०७ च्या राज्याने या लोकांचे काय केले? घटना लिहिताना रेल्वेडब्यांच्या वर्णभेदाचे कलम मुद्दाम बाहेर ठेवण्यात आले, कारण ते घातल्यास राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट घोषणापत्रावर सही करणार नाहीत अशी धास्ती होती. सही झाली. १६ नोव्हेंबरला गथ्री येथे ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर ‘श्रीयुत ओक्लाहोमा टेरिटरी’ आणि ‘कुमारी इंडियन टेरिटरी’ यांचे लुटुपुटूचे लग्नही लावण्यात आले. महिन्याभरातच नव्या विधिमंडळाने सेनेट विधेयक क्रमांक एक मंजूर केले, आणि ते होते रेल्वेत गोऱ्यांना व काळ्यांना वेगळे बसवण्याचे. १९१० मध्ये मतदानासाठी साक्षरतेची अट आणि तिच्यातून गोऱ्यांना सूट देणारी ‘आजोबा-कलमा’ची पळवाट आली. ती १९१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. लँग्स्टन आणि बोलीसारखी स्वतःची गावे वसवून राहिलेले कृष्णवर्णीय, ज्यांची संख्या १९०७ मध्ये लाखाहून अधिक होती, या राज्यपदाच्या विरोधात का होते हे यावरून कळते.

म्हणून दोन्ही पक्षांना माझे सांगणे एवढेच आहे. सिकोया विरुद्ध ओक्लाहोमा हा वाद दोन सत्ताधारी गटांमधला होता. मरी दोन्हींकडे होते, आणि त्यांचे वर्णविषयक विचार मस्कोगीत (सिकोयाच्या अधिवेशनात) एक आणि गथ्रीत (ओक्लाहोमाच्या घटनासमितीत) दुसरे असण्याचे कारण नाही.

कलमदान

भावनांचा आदर ठेवून कायद्याकडे वळतो. नवे राज्य संघात घेणे वा न घेणे हा अमेरिकी घटनेच्या चौथ्या अनुच्छेदानुसार पूर्णपणे काँग्रेसचा अधिकार आहे. कोणत्याही प्रदेशाला विशिष्ट सीमांसह राज्य मिळण्याचा हक्क नसतो. मग सिकोया नाकारल्याने नेमका कोणता करार मोडला? करारांनी जमातींना राज्य देऊ केले नव्हते. उलट प्रस्तावकांनीच उद्धृत केलेले वचन राज्यात समाविष्ट न करण्याचे आहे. त्या वचनाच्या दृष्टीने सिकोया आणि ओक्लाहोमा दोन्ही सारखेच बेकायदा ठरतील.

शिवाय १९०३ च्या लोन वुल्फ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की काँग्रेस जमातींशी झालेले करार एकतर्फी बदलू शकते. तो खटला कायोवा-कोमांची यांच्या जमिनीचा होता. १८६७ च्या मेडिसिन लॉज करारात प्रौढ पुरुषांपैकी तीन चतुर्थांशांची संमती आवश्यक म्हटली असतानाही न्यायालयाने ती अट काँग्रेसला बंधनकारक मानली नाही. हा निकाल मला स्वतःला कठोर वाटतो, पण १९०५-०६ मध्ये प्रचलित कायदा तोच होता.

संमतीचा मुद्दाही पाहावा. चोक्टॉ आणि चिकासॉ यांनी १८९७ च्या अटोका करारात, क्रीकांनी १९०१ मध्ये आणि चेरोकींनी १९०२ मध्ये जमीनवाटप (जमातीची सामायिक जमीन सदस्यांमध्ये वैयक्तिक मालकीने वाटणे) मान्य केले. आपली सरकारे आठ वर्षांनी, म्हणजे मार्च १९०६ मध्ये संपतील, हेही अटोका करारातच होते. मग १९०५ मध्ये अचानक वचनभंगाची ओरड का व्हावी?

आणखी एक. ही पाच राष्ट्रे ज्या जमिनीवर आली ती रिकामी नव्हती. तेथे ओसेज होते, विचिटा होते. १८०८, १८१८ आणि १८२५ च्या करारांनी ओसेजांना मागे रेटून ती जागा मोकळी केली गेली. चेरोकी आणि ओसेज यांच्यात १८१७ पासून रक्तपात होत होता, आणि १८२४ मध्ये फोर्ट गिब्सन उभारण्याचे ते एक प्रमुख कारण होते. मूळ मालकीचा न्याय लावायचाच असेल तर तो चेरोकींपाशी येऊन थांबवता येणार नाही.

जुनी वाट

आपला युक्तिवाद नेटका आहे, पण संमती कोणत्या परिस्थितीत दिली गेली हे त्यात आलेले नाही. १८९३ मध्ये जमातींशी वाटपाची बोलणी करण्यासाठी केंद्राचा डॉज आयोग नेमला गेला. जमातींनी वाटाघाटीस नकार दिला, तेव्हा त्यांची सरकारे भ्रष्ट व नालायक असल्याचे अहवाल वॉशिंग्टनला जाऊ लागले. १८९८ च्या कर्टिस कायद्याने जमातींची न्यायालये बंद करून टाकली आणि संमती असो वा नसो, सामायिक जमिनीचे तुकडे पाडण्याचा अधिकार आयोगाला दिला. त्यानंतरच्या १९०१ आणि १९०२ च्या करारांवर सह्या झाल्या त्या गळ्यावर सुरी असताना.

क्रीकांमधील चिट्टो हार्जो यांच्या अनुयायांनी वाटपाची प्रमाणपत्रे घेण्यास नकार दिला. १९०१ मध्ये त्यांना पकडून खटले भरण्यात आले. नोव्हेंबर १९०६ मध्ये टल्सा येथे सेनेटच्या समितीपुढे हेच हार्जो उभे राहिले आणि वकिलाशिवाय, दुभाष्याच्या मदतीने, क्रीकांशी झालेल्या १८३२ च्या कराराची आठवण करून देत त्यांनी आपले म्हणणे सविस्तर मांडले. पाच महिन्यांपूर्वीच एकत्रीकरणाचा कायदा मंजूर झालेला होता.

सिकोया आणि ओक्लाहोमा सारखेच बेकायदा, हे मात्र मला मान्य नाही. न्यू एकोटाच्या वचनात ‘संमतीशिवाय’ हा शब्द आहे, आणि सिकोया हीच ती संमती होती.

मध्यरेषा

पाच राष्ट्रांच्या वतीने एका अधिवेशनाने दिलेली संमती चिट्टो हार्जो यांना तरी मान्य होती का? त्यांना कोणतेच राज्य नको होते. पोर्टर आणि हार्जो हे दोघेही क्रीक, परंतु पोर्टर यांनी वाटपाच्या करारावर सही केली होती. जमातींमधील ही दरी, म्हणजे इंग्रजी शिकलेले, व्यापारात उतरलेले मिश्रवंशीय पुढारी आणि डोंगराळ भागातील परंपरानिष्ठ कुटुंबे यांच्यातली, सिकोयाच्या समर्थकांनी झाकून ठेवू नये.

एकत्र राज्याचा आग्रहही केवळ पक्षीय नव्हता. रूझवेल्ट रिपब्लिकन होते, आणि दोन राज्ये झाली तर डेमोक्रॅटिक पक्षाचे चार सेनेटर येतील हे गणित होतेच. परंतु पश्चिमेकडील टेरिटरीत शेती होती आणि पूर्वेकडे कोळसा, तेल व इमारती लाकूड. दोन्ही एकत्र आल्यास राज्य स्वतःच्या पायावर उभे राहील असे तेथील शेतकऱ्यांनाही वाटत होते. पश्चिमेकडील जमीन वस्तीसाठी खुली झाली, तेव्हा २२ एप्रिल १८८९ रोजी दुपारी बारा वाजता सीमेवर बंदुकीचा बार होताच पन्नास हजारांच्या आसपास माणसे घोड्यांवरून, बैलगाड्यांतून, आगगाडीच्या टपावरून वीस लाख एकरांसाठी धावली, आणि संध्याकाळपर्यंत गथ्री व ओक्लाहोमा सिटी येथे प्रत्येकी दहा हजारांच्या आसपास वस्तीची तंबूंची शहरे उभी राहिली. त्यांत रात्रीच चोरून आत शिरलेले ‘सूनर’ होते तसे कॅन्ससच्या दुष्काळाने कर्जबाजारी झालेले शेतकरीही होते. १६० एकरांच्या आशेने आलेल्या या माणसांना खलनायक ठरवून इतिहास समजत नाही.

पाणवठा

आतापर्यंत चर्चा १९०७ पर्यंत येऊन थांबते आहे. न्याय-अन्यायाचा निवाडा मात्र पुढच्या वर्षी काय झाले त्यावरून करावा लागेल.

वाटपात प्रत्येक नोंदणीकृत सदस्याला, अगदी तान्ह्या मुलालाही, जमीन मिळाली होती. शुद्ध आदिवासी वंशाच्या सदस्यांची जमीन काही वर्षे विकता येणार नाही असे निर्बंध होते. १९०५ मध्ये टल्साजवळ ग्लेन पूल येथे तेलाचा मोठा साठा लागला आणि या जमिनींचा भाव एका रात्रीत बदलला. राज्य झाल्यावर साधारण सहा महिन्यांनी, २७ मे १९०८ च्या केंद्रीय कायद्याने, मिश्रवंशीयांच्या जमिनींवरील बरेचसे निर्बंध उठले आणि अल्पवयीन मुलांच्या मालमत्तेचा ताबा काउंटीच्या न्यायालयांकडे गेला. तेथील न्यायाधीश निवडून येत. त्यांना निवडून देणारे स्थानिक वकील, दुकानदार आणि जमीनदलालच मग पालक म्हणून नेमले जात. हे पालक मुलाच्या उत्पन्नातून आपली फी कापून घेत, जमीन मित्राला भाड्याने देत, आणि मूल सज्ञान होईपर्यंत पुष्कळदा काहीच शिल्लक नसे.

केट बर्नार्ड या १९०७ मध्ये राज्याच्या धर्मादाय खात्याच्या आयुक्त म्हणून निवडून आल्या. स्त्रियांना मत नसलेल्या राज्यात पुरुषांनी निवडून दिलेली ही स्त्री. त्यांनी सांगितलेली एक हकीकत अशी: तीन अनाथ आदिवासी मुले झाडाच्या ढोलीत झोपत आणि आसपासच्या शेतांवरून अन्न मागून खात असल्याची खबर त्यांच्याकडे आली. चौकशी केल्यावर कळले की मुलांच्या नावे तेलाची जमीन आहे आणि ज्याच्याकडे त्यांचे पालकत्व आहे, त्याच माणसाकडे आणखी पन्नासच्या वर मुलांचे पालकत्व आहे. बर्नार्ड यांनी अशी प्रकरणे न्यायालयात नेण्यास सुरुवात केली, तेव्हा विधिमंडळाने त्यांच्या खात्याचा निधीच तोडला.

‘मध्यरेषा’ म्हणतात की सिकोयातही हेच घडले असते, आणि त्यात तथ्य आहे. निर्बंध उठवावेत म्हणून झटणाऱ्यांत चेरोकी वंशाचे रॉबर्ट ओवेन होते, आणि ते ओक्लाहोमाच्या पहिल्या दोन सेनेटरांपैकी एक. तरी एक फरक राहतोच. एकत्र राज्यात आदिवासींचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आले, तर एकट्या इंडियन टेरिटरीत ते नऊ टक्क्यांपर्यंत असते आणि त्यांच्या जोडीला कृष्णवर्णीय नागरिकही असते. काउंटी न्यायाधीशाच्या निवडणुकीत एवढ्या मतांनीही काही ठिकाणी पारडे फिरू शकले असते. ओसेजांनी १९०६ मध्ये भूगर्भातील खनिजे सामायिक ठेवण्याची अट मान्य करून घेतली, यावरून वेगळी व्यवस्था अशक्य नव्हती हे दिसते. त्यांच्यावर पुढे काय ओढवले हा विषय वेगळा आणि भयंकर आहे.

कलमदान

कायद्याच्या बाजूने एक पुरवणी जोडतो, कारण ती माझ्याच पूर्वीच्या युक्तिवादाला धार देते. ९ जुलै २०२० रोजी मॅगर्ट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले की काँग्रेसने क्रीकांचे राखीव क्षेत्र कधीच रद्द केलेले नाही. वाटप झाले, न्यायालये गेली, राज्य झाले, परंतु सीमा पुसणारा स्पष्ट शब्द कोणत्याही कायद्यात नाही. न्यायमूर्ती गॉर्सच यांच्या निकालानंतर ओक्लाहोमाच्या न्यायालयांनी इतर चार राष्ट्रांनाही तेच तत्त्व लावले. म्हणजे १९०७ मध्ये राज्य आले तरी राष्ट्रे बुडाली नाहीत. जो प्रदेश सिकोयासाठी मागितला होता, तोच जवळपास पूर्ण आज फौजदारी अधिकारक्षेत्रासाठी आदिवासी प्रदेश मानला जातो. २०२२ च्या निकालाने राज्याला काही अधिकार परत दिले, हेही खरे.

जुनी वाट

राष्ट्रे बुडाली नाहीत हे कागदावर खरे. परंतु राज्य झाल्यानंतर चेरोकींचा प्रमुख राष्ट्राध्यक्ष नेमत असत, कधी कधी केवळ एखाद्या दस्तावर सही करण्यापुरता. प्रमुख स्वतः निवडण्याचा अधिकार काँग्रेसने १९७० मध्ये परत दिला आणि १९७१ मध्ये निवडणूक झाली. मधल्या त्रेसष्ट-चौसष्ट वर्षांत जमिनी गेल्या, शाळा गेल्या. न्यू एकोटा करारातच चेरोकींना काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात एक प्रतिनिधी पाठवता येईल असेही कलम आहे. चेरोकी राष्ट्राने २०१९ मध्ये आपला प्रतिनिधी नामनिर्देशित केला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यावर सभागृहाच्या समितीपुढे सुनावणीही झाली. त्या सुनावणीने जागा मिळाली नाही. करार १८३५ चा आहे. ‘कलमदान’ यांनी याही कलमाचा अर्थ सांगावा.